शर्टाखालचं बाळ

सबमिशन तोंडावर आलं होतं. मशीन ड्रॉइंगचं पुस्तक शोधायला लायब्ररीत गेलो आणि ‘ड्रॉइंग’च्या कपाटात चुकून ठेवलेलं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक घेऊन रूमवर आलो. अभ्यास टाळायला काहीही चालतं!

एका पानावर काळंपांढरं चित्र होतं. नाईटशर्ट आणि टोपी घातलेला माणूस पलंगाला टेकून जमिनीवर पसरलेला. रूमपार्टनर डोकावून म्हणाला, “लेका, हा तर आपल्या विंगमधला दिसतोय, थर्टी फर्स्टनंतरचा!” दोघंही खो खो हसलो. पान उलटणार, तेवढ्यात त्या माणसाच्या अंगाखाली एक इवलंसं डोकं दिसलं. बाळ होतं. मग डावीकडे अंधारात पडलेली बाई, उजव्या कडेला म्हाताऱ्याचा चेहरा, कलंडलेली खुर्ची. हसू घशातच राहिलं.

चित्रकार ओनोरे दोमिए. चित्राचं नाव ‘रू ट्रान्सनोनँ, १५ एप्रिल १८३४’. पॅरिसमध्ये उठाव चालू होता. या गल्लीतल्या १२ नंबरच्या घरातून गोळी आली म्हणून सैनिक आत घुसले आणि रहिवाशांना मारत सुटले. चित्रात मात्र एकही सैनिक नाही, बंदूक नाही. ते येऊन गेल्यानंतरची खोली फक्त आहे.

हे शिळाछापाचं काम. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रोलर फिरवायचा. ओला दगड शाई घेत नाही, खडूची रेघ घेते. रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीही दगडावरूनच छापल्या जात. जिथे खडू लागला नाही तिथे कोरा कागद. त्या माणसाचा लख्ख शर्ट म्हणजे बराचसा कोरा कागदच! नजर आधी तिथे जाते, बाळ मागाहून सापडतं.

एका दगडावरून कितीतरी प्रती निघतात. म्हणूनच सरकारने प्रतींबरोबर तो दगडही जप्त केला. तरी काही प्रती वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये नेहमीप्रमाणे पेपरवर चहाचा ग्लास ठेवला. खाली कुठल्यातरी स्फोटाचा फोटो होता. रोज असतोच. ग्लास उचलला आणि फोटो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिला. चहा तसाच राहिला.

मित्रहो, पुस्तक पुन्हा त्याच कपाटात ठेवलंय, मशीन ड्रॉइंगच्या शेजारी. जरूर बघा. फक्त पान उलटायची घाई करू नका.