परसातली रात्र

पावसाळा लागला की आमच्या चिपळूणच्या घरामागे रात्री जेवणं उरकल्यावर वेगळीच वस्ती जागी होते. दिवसा त्या परसात पाहण्यासारखं काही नाही. अळवाचा वाफा, कढीलिंब, तगर, कण्हेर, वांग्याची थोडी रोपं आणि धुण्याची फातर. रात्री मात्र कपाळाला बॅटरी बांधून कॅमेरा घेऊन उतरलो की अळवाच्या एका पानापाशीच तास जातो. पायात गमबूट लागतात. ते काही हौसेचे नाहीत. रत्नागिरी जिल्हा फुरशांचा, आणि फुरसं पालापाचोळ्यात पालापाचोळाच होऊन पडलेलं असतं. म्हणून उजेड आधी पायाखाली, मग पानावर.

बॅटरी कपाळालाच हवी, याला आणखी एक कारण आहे. उजेड आपल्या डोळ्यांच्या रेषेतून गेला की गवतात हिरवट ठिणग्या दिसायला लागतात. दव असावं असं वाटतं, तोवर त्यातली एक ठिणगी चालायला लागते. हे लांडगा-कोळ्याचे डोळे. त्यांच्या मागे एक चकचकीत पडदा असतो आणि तो उजेडाला आल्या वाटेनेच परत पाठवतो. बॅटरी कमरेपाशी धरून हिंडणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. पिल्लं पाठीवर वागवणारी मादी भेटली तर तिच्या पाठीवर बारीक ठिणग्यांचा ढीगच असतो, कारण पिल्लांचे डोळेही तसेच चमकतात.

मॅक्रो लेन्सची अडचण अशी की किडा जितका मोठा दिसतो तितका तो कमी दिसतो. फोकसमध्ये राहतो जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा पदर. डोळा टिपला की मिशा धूसर, मिशा टिपल्या की पाय गेले. त्यात वारा. त्यावर काही जणांनी काढलेला उपाय मला मुळीच पटत नाही: किड्याला फ्रीजमध्ये गारठवायचं, मग फुलावर नेऊन ‘बसवायचं’. फोटो येतात लखलखीत, पण मला ते पासपोर्टच्या फोटोसारखे वाटतात. माणूस ओळखता येतो, पण तो काय करत होता ते कळत नाही.

आणि रात्री किडे काय करतात तेच तर पाहायचं असतं. कढीलिंबाच्या पानाखाली एकदा लांब मिशांचा हिरवा नाकतोडा उलटा लटकलेला सापडला. मेलाय असं वाटत होतं. मग पाठीवरची कात मधोमध उकलली आणि आतून फिकट, ओलसर नाकतोडा खाली सरकू लागला. डोकं सुटलं, पुढचे पाय सुटले. मिशांना वेळ लागला. अंगाहून लांब ती मिशी, तिच्या जुन्या म्यानातून इंचाइंचाने बाहेर येत होती. मध्येच तो थांबे, दम खाल्ल्यासारखा. मागचे लांबलचक पाय सुटेपर्यंत तो नुसता लोंबकळत होता. एक ओंबील मुंगी तिथवर पोचली असती तरी संपलं असतं, कारण कात टाकलेल्या किड्याला काही काळ ना पळता येतं ना चावता येतं. बाहेर आल्यावर तो वर चढला, चुरगळलेले पंख हळूहळू ताणले गेले, आणि मग त्याने आपलीच कात खायला सुरुवात केली. मुद्देमालही नाहीसा, पोषणही वाया नाही. मी फ्लॅश मोजकाच मारला. फोटो बरे आले आहेत, पण त्यांत ते थांबणं नाही.

असं पाहायला कॅमेरा लागतोच असंही नाही. १८५१ साली साताऱ्यात जन्मलेल्या एडवर्ड हॅमिल्टन एटकिनने बंगल्यातले उंदीर, डास, मुंग्या, कोळी यांनाच सरहद्दीवरच्या टोळ्या ठरवून ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ लिहिलं. ते पुस्तक १८८३चं, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही तो होता. थट्टा साहेबी आहे, नजर मात्र पक्की.

मागच्या दारावरच्या दिव्याचं काय करायचं, हा प्रश्न अलीकडे पडायला लागला आहे. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाला आपल्याकडे प्रेमिकाचा मान. चंद्र समजून तो दिव्याभोवती फिरतो, असंही सांगितलं जायचं. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच दिसलं. उडताना किडे पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण लाखो वर्षं रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाश. बल्बजवळ आले की ते बल्बलाच आभाळ धरतात, कलतात, आणि त्याच्याभोवती फिरत राहतात. उजेड खालून असला तर उलटे होऊन कोसळतात. प्रेम नाही, आकर्षणही नाही, वर-खालीचा घोळ. या नियमाला न जुमानणाऱ्यांपैकी एक निघाला तो कण्हेरीवरचा हिरवा पतंग, ज्याची निळ्या डोळ्यांची अळी आमच्या तगरीची पानं फस्त करते. तो दिव्यावरून सरळ निघून जातो म्हणे. बाकीच्यांसाठी मी आता फोटो काढून झाले की दिवा बंद करतो.

झोपणारेही असतात. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने घट्ट चावून धरतात आणि पाय सोडून तशाच झोपतात, एकीखाली एक. दिवसा फुलासमोर क्षणभर न थांबणारी ही माशी रात्री पट्ट्यांवरचे केस मोजू देते.

गणपतीच्या आधी आई परस साफ करायला निघाली तेव्हा तिला ती काडी दाखवली.

“ही एवढी राहू दे. या माश्या फूल धरून थरथरतात, तेव्हा वांग्याच्या फुलातला पराग सुटतो. साध्या मधमाशीला ते जमत नाही.”

“या सगळ्या माद्या?”

“नाही, काडीवर झोपतात ते नर. माद्या रात्री मातीतल्या बिळात असतात. पराग गोळा करतात त्याही त्याच.”

“म्हणजे वांगी लागतात ती बायकांमुळे, आणि हे इथे लोंबकळून झोपा काढतात,” आई म्हणाली, आणि काडीच्या पलीकडचं तण कापायला वाकली.