साडेअकराचा खेळ

जुने सिनेमे जुन्या थिएटरात जाऊन बघते असं सांगितलं की हल्ली लोक कौतुकाने बघतात. आमच्या घरी याला काटकसर म्हणायचे. तीन, सहा आणि नऊ हे नव्या सिनेमाचे खेळ. सकाळच्या मॅटिनीला लागायचा तो पडद्यावरून उतरून वर्षं झालेला, गावोगाव फिरून आलेला सिनेमा, आणि त्याचं तिकीट बेताचं असायचं. परीक्षा संपली, मुंबईचे पाहुणे आले, वडिलांचा बोनस झाला की नवा सिनेमा, एरवी मॅटिनी. गुरुदत्त, नूतन, बलराज साहनी, प्रभातचे संतपट ही सगळी मंडळी माझ्या ओळखीची झाली ती त्या स्वस्त तिकिटावर. ते सगळं अभिजात आहे, हे पुष्कळ नंतर कुणीतरी सांगितलं.

मॅटिनीला नेणारी आमची आत्या. अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात थिएटरात ती स्वतःच्या माजघरात वावरावं तशी वावरायची. डोअरकीपरला नावाने हाक मारायची, खुर्चीत ढेकूण आहेत का ते हाताने चाचपून बघायची आणि मगच मला बसू द्यायची. इंदूरच्या किबे सरदारांची ती इमारत. प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आली १९३३ साली, आणि थिएटर सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे मी तिथे जायला लागले तेव्हाच ते म्हातारं होतं, पण तसं कुणाच्या डोक्यातही येत नसे. पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीत ते एक थिएटर होतं, बस्स.

आषाढीच्या सुमारास तिथे ‘संत तुकाराम’ पाहिला. १९३६चा हा सिनेमा मुंबईच्या सेंट्रल थिएटरात वर्षाहून जास्त चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आत्याला व्हेनिसशी काही देणंघेणं नव्हतं. विष्णुपंत पागनीसांना ती मनोभावे हात जोडायची, पण तिचा खरा जीव गौरीबाईंच्या जिजाईवर. आजारी पोराला घेऊन जिजाई पायातली वहाण हातात घेते आणि थेट देवळात विठोबाला जाब विचारायला निघते, तो प्रसंग जवळ आला की आत्या खुर्चीत पुढे सरकायची आणि जिजाईच्या आधीच विठोबाला झापायला सुरुवात करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा पुढच्या रांगेतल्या दोघी बायका वळल्या. मला वाटलं आता गप्प बसा म्हणणार. तर त्यातली एक म्हणाली, ‘‘अहो, पोरांचं दुखणं काढायचं बाईने आणि वैकुंठाला जायचं यांनी!’’ तिघींनी मिळून देवाची हजेरी घेतली. शेवटी गरुडाचं विमान येतं आणि जिजाई संसार सोडून जायला तयार होत नाही, तेव्हा त्या तिघींचं एकमत होतं की बाई शहाणी आहे.

सिनेमाबद्दल मी पुढे बरंच वाचलं, थोडंफार लिहिलंही. पण जिजाईबद्दल त्या रांगेपेक्षा नेमकं कुणी बोलल्याचं आठवत नाही.

हे जुने सिनेमे पुन्हा पुन्हा लागत ते काही कुणाला वारशाची चाड होती म्हणून नव्हे. धंद्याचं गणित होतं. थिएटर सकाळी रिकामं पडलेलं, वितरकाच्या गोदामात जुन्या प्रिंटचे डबे पडलेले. मॅटिनीचं भाडं कमी, जुन्या सिनेमाचे हक्क पडत्या भावात मिळायचे, जाहिरातीला पेपरात एक चौकोन पुरायचा. हॉल निम्मा भरला तरी वितरकाचं सुटायचं आणि थिएटरवाल्याचा कँटीनचा गल्ला वर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ सिनेमाच्या इमारतीत वितरकांची कार्यालयं दाटीवाटीने होती. कुठला सिनेमा कुठल्या गावी जाणार त्याचे सौदे तिथे व्हायचे. त्या माणसांना कुणी कधी संस्कृतिरक्षक म्हटलं नाही. त्यांनीही मनावर घेतलं नसतं. पण ‘प्यासा’ माझ्यापर्यंत पोचवला तो त्यांनी.

आमच्या वाड्यात एक ऑपरेटर राहायचे. कुठल्या थिएटरात ते सांगत नाही, कारण मला केबिनमध्ये नेणं नियमात बसत नव्हतं. लोखंडी जिना, जाड दार, आत दोन अजस्र मशीनं आणि उकाडा. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमधून उसळणारी ठिणगी. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, म्हणून काका गप्पा मारता मारता सारखी एक मूठ फिरवत असायचे. काळ्या काचेतून ती ठिणगी त्यांनी मला दाखवली. नुसत्या डोळ्यांनी बघायची नाही अशी तंबी देऊन. एक रीळ वीसेक मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की झटक्यात इकडची झडप बंद, तिकडची उघडी. खाली हिरॉइन रडत असते, तिला पत्ता नसतो की तिचं अर्धं रडणं एका मशीनवर झालं आणि अर्धं दुसऱ्यावर. त्या दिवसापासून माझे डोळे त्या कोपऱ्यात जाऊ लागले. कितीही गुंगले असले तरी वीस मिनिटं झाली की नजर आपोआप वर.

मॅटिनीला येणारी प्रिंट काकांच्या भाषेत ‘थकलेली’ असायची. जिथे तुटली तिथे दोन-चार चौकटी कापायच्या, ब्लेडने खरवडायचं, सिमेंट लावून जोडायचं. प्रत्येक गावच्या ऑपरेटरने एवढं केलं की दहा वर्षांत प्रिंट आखूड होत जायची. त्यात गाण्याच्या चौकटी कापून स्वतःजवळ ठेवणारे शौकीन वेगळे. वाड्यातल्या पोरांकडे भिंग, आरसा आणि उन्हाच्या कवडशावर चालणारा ‘सिनेमा’ होता, त्याचा कच्चा माल कुठून यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची तेव्हा सायकलवरचा पोऱ्या डबे घेऊन भर गर्दीतून पळायचा, आणि त्याचं चाक पंक्चर झालं की आम्ही अंधारात बसून शिट्ट्या मारायचो.

पूर्ण सिनेमे मी पाहिले ते लॉ कॉलेज रोडला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी ते डबा डबा जोडून उभं केलं. कॉलेजात असताना फिल्म सोसायटीचं कार्ड काढलं आणि संध्याकाळी तिथे जाऊ लागले. पहिला अनुभव चमत्कारिक होता. ओळखीच्या सिनेमातलं ओळखीचं माणूस अचानक एक अनोळखी वाक्य बोलायचं. जिथे प्रसंग धपकन संपायचा तिथे तो पुढे चालूच राहायचा. लहानपणापासून पाठ असलेल्या गाण्याला आणखी एक कडवं निघायचं. सिनेमे अखंड मिळाले, त्याबद्दल नायरसाहेबांचे उपकार फिटणारे नाहीत. पण त्या हॉलमध्ये कुणी विठोबाला झापत नसे. शेंगदाण्याचा पुडाही उघडायची चोरी. ‘संत तुकाराम’ मी तिथे पुन्हा पाहिला आणि जिजाई देवळाकडे निघाली तेव्हा एवढी शांतता होती की मला खोकला आला.

पुढे ८ जानेवारी २००३ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली. नायट्रेटची फिल्म भडकायला निमित्त पुरतं. प्रभातच्या कितीतरी मूळ प्रती त्यात गेल्या. सिनेमे राहिले ते इतरत्र असलेल्या प्रतींमुळे. बातमी वाचली तेव्हा मला आधी काकांच्या त्या थकलेल्या प्रिंटा आठवल्या.

कॉलेजानंतर नोकरी मुंबईत लागली. मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालून कधीच उतरला होता. पण मरीन लाइन्सचं लिबर्टी ऐन भरात होतं. २१ मार्च १९४९ला मेहबूब खानांच्या ‘अंदाज’ने ते उघडलं, स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, म्हणून हे नाव. पुढे ‘मदर इंडिया’ही इथलाच. मी पाहिला तो ‘हम आपके हैं कौन’, १९९४ साली, ऑफिसातल्या झाडून सगळ्या बायकांबरोबर, ठेवणीतल्या साड्या नेसून. सिनेमा लग्नाच्या अल्बमसारखा, त्याबद्दल काय बोलायचं! मी बघत बसले होते भिंती. बर्मी सागवान, कॅनडाचं देवदार, खालून वर उसळत गेलेली नक्षीची कारंजी आणि त्यांच्यामागे लपवलेले दिवे. ही आतली सजावट वामन नामजोशी यांची. मराठी माणसाचं नाव ऐकून ऊर भरून यायचा माझा स्वभाव नाही, पण या नावाने मात्र माझा पाठलाग केला. काही वर्षांनी जयपूरला सहलीला गेले तर आमच्या टूरवाल्याने हवामहालानंतर थेट राजमंदिर सिनेमात नेलं. १९७६ सालचं, ‘चरस’ने उघडलेलं, बाहेरून गुलाबी आणि आत नुसता लखलखाट. वास्तुरचनाकार कोण, तर हेच नामजोशी. आमच्या गटातल्या आजींनी सिनेमा कुठला हे विचारलंसुद्धा नाही. छताकडे बघत त्या इंटर्व्हलपर्यंत तृप्त होत्या.

लिबर्टीत आता रोजचे खेळ होत नाहीत. महोत्सव आणि कार्यक्रम होतात, तेव्हा दार उघडतं. चर्चगेटचं १९३८चं इरॉस काही वर्षं बंद पडून २०२४ला आयमॅक्स होऊन परतलं. कुलाब्याचं १९३३चं रीगल उभं आहे. इरॉस आणि रीगल ही दोन्ही २०१८पासून मुंबईच्या जागतिक वारशाच्या यादीतल्या भागात येतात. माझं प्रभात २०१४च्या अखेरीला बंद झालं आणि किबे लक्ष्मी थिएटर या नावाने पुन्हा सुरू झालं. सारांश, इमारतींची अवस्था मला वाटलं होतं तेवढी वाईट नाही. मॅटिनी मात्र गेली. आधी व्हिडिओने तिचं कंबरडं मोडलं, मग केबलने, आणि मल्टिप्लेक्समध्ये सकाळी नऊलाही नवाच सिनेमा लागतो. जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा तर आता निमित्त लागतं. जन्मशताब्दी, पुनर्मुद्रण, पास, दीपप्रज्वलन, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत तीन भाषणं.

तरी कधीकधी गंमत होते. २०२२च्या ऑक्टोबरात अमिताभच्या ऐंशीव्या वाढदिवसाला फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचे ११ सिनेमे चार दिवस पडद्यावर आणले. ‘दीवार’ला मी गेले ते मल्टिप्लेक्समध्ये, थंडगार आणि गालिचा अंथरलेल्या. गोदामाचं दार आतून बंद करून अमिताभ किल्ली समोरच्या गुंडाकडे फेकतो, तिथे मागून अशी शिट्टी आली की मी वळून बघितलं. साठीचा गृहस्थ, शेजारी बायको, तिने डोक्याला हात लावलेला. पण ते चार दिवस होते. पाचव्या दिवशी पुन्हा नवा सिनेमा.

रोज, विनाभाषण, साडेअकराला, जुना सिनेमा बघायचा असेल तर मुंबई सेंट्रलला जावं. १९५८ साली उघडलेलं मराठा मंदिर. ५ ऑगस्ट १९६०ला ‘मुघल-ए-आझम’चा प्रीमियर इथे झाला; प्रिंटचे डबे हत्तीवरून आले होते आणि तिकिटासाठी लोक घरचे डबे मागवून दिवसचे दिवस रांगेत बसले होते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ इथे लागला १९९५च्या २० ऑक्टोबरला. डिसेंबर २०१४ला त्याचे १००० आठवडे झाले. पुढच्या फेब्रुवारीत तो उतरवायचं ठरलं, बातम्या झाल्या, लोक हळहळले आणि काही दिवसांत तो पुन्हा चढला. मधे करोनात थिएटरंच बंद पडली. उघडली तसा तो परत आला.

चित्रपटरसिक मित्रांना मी तिथे न्यायचा प्रयत्न केलाय. त्यांना तो विक्रम वाटतो, जाहिरातबाजी वाटते. मला ती शिल्लक उरलेली मॅटिनी वाटते. समोर रेल्वे टर्मिनस, पलीकडे एसटीचा आगार. तिकीट मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नच्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त. गाडीला अवकाश असलेले, कॉलेज बुडवलेले, परगावाहून ऑफिसच्या कामाला आलेले आणि साहेब दुपारनंतर भेटणार म्हणून अडकलेले, आणि नुसत्या एसीसाठी आलेले. यातले किती जण सिनेमावेडे असतील? पण संवाद सगळ्यांना पाठ. एकजण चुकीच्या ठिकाणी बोलला तर दुसरा त्याला दुरुस्त करतो.

गेल्या खेपेला माझ्या शेजारी विशीतला एक मुलगा होता. पायाशी मोठी बॅग, मांडीवर पिशवी, त्यात गावाकडे न्यायची मिठाई असावी. श्रेयनामावली सुरू व्हायच्या आत त्याने खुर्चीत अंग सैल सोडलं. ‘‘मावशी, तुम्ही शेवटपर्यंत आहात ना?’’ म्हटलं, आहे. ‘‘मग स्टेशनचा सीन आला की मला उठवा. त्यात गाडी सुटायची वेळ आणि माझी चिपळूण लागायची वेळ बरोब्बर जमते.’’ इंटर्व्हलला सगळं थिएटर उठलं, तो हलला नाही. मेहंदीच्या गाण्याला पुढच्या रांगेतल्या मुली नाचल्या तेव्हा त्याने झोपेतच पिशवी घट्ट धरली. स्टेशन आलं, मारामारी संपत आली, मी त्याला हलवलं. त्याने डोळे चोळत पडद्याकडे एकदा बघितलं, ‘‘अजून हात सोडला नाही बापाने, म्हणजे आहेत पाच मिनिटं,’’ असं म्हणाला, आणि बॅग खांद्यावर टाकून सिमरनच्या आधी निघाला.