पिसारी पाहुणा

गेल्या मार्गशीर्षांत माझे धाकटे चुलतबंधू चाकणजवळच्या आमच्या गांवाहून तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन निगडीच्या घरीं आले. ते परत गेल्यावर शेंगा सोलीत असतां एकीला चिकटलेला तपकिरी, केसाळ असा कण नातीच्या दृष्टीस पडला. "आजोबा, ही अळी मेली का?" तिनें विचारलें. मीं चष्मा लावून पाहिलें. ती अळी नव्हती. अळीचें रूप न सोडलेला तो कोष होता.

ती शेंग आम्हीं काचेच्या बरणींत ठेविली. पांचव्या दिवशीं सकाळीं आंत एक अगदीं किडकिडीत जीव बसला होता. पंख दोहों बाजूंस आडवे ताठ पसरलेले. जणूं काडीला काडी बांधलेली. भिंगांतून पाहतांच नातीनें टाळी वाजविली. पुढील प्रत्येक पंख टोंकाकडे दुभंगलेला, मागील प्रत्येकाचे तीन भाग, आणि कडांना पिसासारखी झालर! शेतकीच्या पुस्तकांतून यालाच पिसारी पतंग म्हणतात. लॉर्ड वॉल्सिंगहॅम या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १८८५ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. आमच्या आजीच्या लेखीं मात्र तो नुसता 'किडा' होता.

त्याचा संसार कसा चालतो, तें मीं नातीला सांगितलें. पावसाळा सरून तूर फुलावर आली कीं मादी कोवळ्या कळ्यांवर व शेंगांवर एकेक सुटें अंडें घालते. तीन ते पांच दिवसांत हिरवट तपकिरी अळी निघते. ती प्रथम शेंगेची साल खरवडते, मग भोंक पाडून, स्वतः बाहेर राहूनच, आंतला दाणा खाते. पुरी वाढली तरी लांबी अर्ध्या इंचाची! पुढें बहुधा शेंगेवरच कोष. सारा प्रवास सुमारें महिन्याभराचा. तूर जेथें, तेथें हा.

"मग याला सोडूं या. पण हा अंडीं कोठें घालील?" नातीनें विचारलें.

मला उत्तर सुचेना. लहानपणीं मोशीपासून चाकणपर्यंत बाजरीच्या शेतांतून तुरीच्या ओळी पाहिलेल्या. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागोमाग कारखाने आले, वसाहती आल्या. माझा मुलगा त्यांतल्याच एका कारखान्यांत पोट भरतो. तेव्हां तक्रार तरी कोणत्या तोंडानें करूं?

सायंकाळीं टेलिफोनवरून बंधूंना मोठ्या हौसेनें ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "दादा, तुम्हांला त्याच्या पिसाऱ्याचं कवतिक! माझ्या पोखरलेल्या शेंगा कोण मोजणार? निंबोळीचा अर्क मारून हात कडू झाले."

मी ओशाळलों. ज्या वरणावर आम्ही दोघे वाढलों, त्यांतला वाटा हा पतंग दरसाल उचलीत आला; पण त्याचा हिशेब शेतांत राहिलेल्या भावानेंच ठेवावा, हें कांहीं न्यायाचें नव्हे. तरी थट्टेनें म्हटलें, "आणून सोडूं का तुझ्या बांधावर?"

"खुशाल सोडा," ते हंसून म्हणाले. "तो तुकडा गोदामाला दिलाय. औंदाची तूर शेवटचीच. पुढल्या सालीं फवारणीचा खर्च वांचला!"

मला हंसतां आलें नाहीं.

अंधार पडतांना नातीनें गच्चीवर बरणीचें झांकण काढलें. पतंग बराच वेळ कांठावर बसून राहिला. मग कोणत्या दिशेस गेला, तें दिसलें नाहीं. बरणींतली शेंग मीं सोलून पाहिली. एक दाणा अर्धा खाल्लेला होता. बाकीचे शाबूत होते. ते मीं त्या रात्रींच्या भाजींत टाकावयास दिले.