फोंड्याची तवसळी

आमच्या इंदुरात सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते आणि रात्र सराफ्यात संपते, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. पण गेली तीन वर्षं मी याच शहराकडे वेगळ्या नजरेनं बघते आहे. जिलेबी मैद्याची. मालपुवा मैद्याचा. मावाबाटी खव्याची खरी, पण बांधायला मैदा. बाफले तर गव्हाचेच. भुट्ट्याचा कीस चालतो, गराडू चालतात, पण गराडू ज्या कढईत तळले तिच्यात आधी कचोरी तळली होती का, हे विचारावं लागतं. विचारलं की दुकानदार आपल्याकडे अशा काही नजरेनं बघतो, की आपणच ओशाळून पुढे सरकतो.

कारण माझी नात चिमी. पाच वर्षांची असताना तिचं वजन वाढेना, पोट फुगलेलं, रक्त कमी. रक्ताची तपासणी झाली, मग एंडोस्कोपी झाली आणि सीलिएक हा शब्द आमच्या घरात आला. गव्हातलं, जवातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला इजा करतं. यावर गोळी नाही, औषध नाही. पथ्य, तेही जन्मभराचं. आणि हे मालव्यात, जिथे पाहुण्याला शरबती गव्हाची पोळी वाढली नाही तर पाहुणचार झाला असं कुणी मानत नाही!

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. सूनबाईंनी पोळ्यांचं पीठ, पोळपाट, लाटणं सगळं वेगळं केलं होतं. मी चिमीसाठी तूरडाळीची आमटी केली, आमटी-भातात कसला आलाय गहू? दोन दिवस पोरगी पोट धरून होती. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा सूनबाईंनी एकेक डबा उचलून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. हिंगाच्या डबीवर लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. बाजारातला बांधणीचा हिंग म्हणजे थोडासा खडा हिंग आणि बाकी डिंक नि पीठ. पीठ कधी तांदळाचं असतं, पुष्कळदा गव्हाचं. चाळीस वर्षं फोडणीत हिंग घालते आहे, डबी कधी वाचली नव्हती. त्या दिवशी सूनबाई मला काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आई, तुम्ही राहू द्या आता, चिमीचं मी बघते." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरू लागले. वाढदिवसाला म्हणून तांदळाच्या पिठाचा केक करून बघितला. पाकीट आणलं, ओव्हन होताच. पहिला केक म्हणजे वीट. दुसरा वरून फुटलेला आणि आत चिकट गोळा. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यात एक ताणली जाणारी जाळी तयार होते, ती वाफ धरून ठेवते आणि केक फुगतो. तांदळात ती जाळीच नाही. हे मला नंतर कळलं. चिमीनं तो चिकट गोळा खाऊन "छान आहे आजी" म्हटलं. सात वर्षांचं पोर खोटं बोलतं ते आपल्यासाठी, हे कळलं की घास घशात अडकतो.

मागच्या भाद्रपदात मामेबहिणीचा, माईचा, फोंड्याहून फोन आला. "चतुर्थीला ये. आणि नातीला घेऊन ये." माझ्या आईचं माहेर फोंडा तालुक्यातलं, म्हार्दोळजवळचं. गोवा मुक्त झाल्यानंतर दोन-तीन वर्षांत तिचं लग्न होऊन ती थेट इंदुरात आली, मिलच्या हिशेबखात्यात असलेल्या माझ्या वडिलांकडे. आम्ही लहानपणी दोन-तीनदाच आजोळी गेलो. चिमीला घेऊन जायचं म्हटल्यावर सूनबाई दोन दिवस गप्प होत्या. मग त्यांनी माईला स्वतः फोन लावला. पाऊण तास बोलणं झालं. फोन ठेवून म्हणाल्या, "जा. पण हिंगाचं विचारा."

अवंतिकेनं मुंबई, तिथून कोकणकन्या. दोन्ही रात्री डब्यात चिमीनं घरून आणलेले राजगिऱ्याचे लाडू आणि दहीभात खाल्ला, समोरच्या बाईंनी देऊ केलेलं बिस्किट "मला चालत नाही" म्हणून नाकारलं. तिला ते वाक्य पाठ आहे. रत्नागिरीच्या पुढे उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर सगळं हिरवं पाणी होतं. "आजी, हे कसलं शेत?" भाताचं. गव्हाचं एकही ताट नाही, जिकडे बघाल तिकडे भात. मडगावला उतरून बोरीच्या पुलावरून झुआरी ओलांडली, तोवर तिनं तीनदा विचारून खात्री करून घेतली होती.

पण गोवा म्हणजे ग्लूटेनमुक्त नंदनवन, असं कुणी समजू नये. दुसऱ्याच सकाळी दारात पोंक-पोंक वाजलं. पोदेर सायकलवर टोपली बांधून पाव, पोळे, कांकणं घेऊन हजर! चिमीचा चेहरा पडला. मडगावच्या बाजारात बेबिंक, दोदोल, दोस एका ओळीत मांडलेले. बेबिंकात मैदा. दोदोल मात्र तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाच्या गुळाचं, तासन्‌तास घोटून तेल सुटेपर्यंत आटवलेलं. तो काळा गूळ तिथे टोकदार ढेपांमध्ये मिळतो. दोस चण्याची डाळ नि खोबऱ्याचा. म्हटलं, घ्यावं. तेवढ्यात दुकानातल्या मुलानं ज्या सुरीनं बेबिंक कापलं तीच सुरी दोदोलात घातली. मी अख्खी, न कापलेली वडी मागितली. त्यानं खळखळ न करता आतून काढून दिली.

माईच्या घरी वेगळंच नाट्य चाललं होतं. चतुर्थीला नेवऱ्या हव्यातच, आणि नेवऱ्यांचं आवरण गव्हाचं. माईच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. गणपतीला नेवरी नाही हे त्यांना पटेना, आणि पटावं असंही नाही. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. नेवऱ्या शेजारी धाकट्या जावेच्या घरी लाटायच्या, तिथेच तळायच्या, आणि नैवेद्यापुरत्या झाकून आणायच्या. या घरात त्या दोन दिवसांत मैद्याचा कण येणार नाही. खतखत्यात तिरफळं पडली, हिंगाचा प्रश्नच आला नाही. मी तरी विचारलंच. माई हसली, "तुझ्या सुनेनं मला आधीच शिकवून ठेवलंय."

आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारात माटोळीचं सामान आणायला गेलो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली नि परसातली फळं बांधतात, ती माटोळी. सुपारीचे घोस, नारळ, तोरिंग, लाल कवंडाळं, आणि हाताएवढी पिवळीजर्द तवशी. तवसं म्हणजे आपली मोठी काकडी, पिकून पिवळी झालेली. माईनं माटोळीसाठी दोन घेतली आणि दोन वेगळी. "ही कशाला?" "तवसळीला. तुझी आई करायची नाही इंदुरात?"

बाजारात उभ्या उभ्या मला ते पातेलं आठवलं. पितळी, बुडाशी काळं पडलेलं. आई ते शेगडीवर ठेवायची आणि झाकणावर निखारे. घरभर काकडी नि गुळाचा वास यायचा. आम्हा भावंडांना ते आवडत नसे. शेजारच्या घरी बेकरीचा केक यायचा, गुलाबी फुलांचा, आणि आमच्याकडे हे काकडीचं तपकिरी! आम्ही नाकं मुरडली, तिनं हळूहळू करणं सोडलं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. केक म्हणून जे मी पाकिटांत शोधत होते ते माझ्याच घरी, माझ्याच नकारामुळे बंद पडलं होतं.

माईनं मला करायलाच लावलं. तांदूळ धुऊन दोन तास भिजवले, फडक्यावर सावलीत वाळवले आणि मिक्सरमध्ये जाडसर रवा काढला. गिरणीत नाही, जिथे गहू दळतात तिथे तांदूळ दळून उपयोग नाही. तवशाची टोकं चाखून बघायची, कडू असेल तर आणखी कापायची. बिया काढून किसायचं, पाणी फेकायचं नाही. दोन वाट्या रवा तुपावर गुलाबी भाजायचा. तीन वाट्या कीस त्याच्या पाण्यासकट, दीड वाटी गूळ, वाटीभर ओलं खोबरं, मीठ, वेलची, चिमूटभर हळद, सगळं एकत्र करून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत हलवायचं, म्हणजे रवा तवशाचं पाणी पिऊन फुलतो. मग तूप लावलेल्या टोपात थापायचं. माईकडे ओव्हन आहे, पण सासूबाईंनी मागच्या पडवीत चूल पेटवायला लावली: खाली मंद जाळ, वर पत्र्याच्या झाकणावर करवंट्यांचे निखारे. चिमी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. तासाभरानं झाकण काढलं, कडा सुटल्या होत्या, वर तपकिरी साय धरली होती.

"लगेच कापू नको," सासूबाई म्हणाल्या. गरम असताना कापली तर भुगा होते. निवली की बसते. माझे केक का बिघडले ते मला तिथे उमगलं. मी तांदळाला फुगायला सांगत होते. तवसळी फुगायला जातच नाही. शिजून, चिकटून, बसून ती तयार होते, ओलसर आणि जड, आणि तशीच ती चांगली लागते.

चिमीनं तुकडा हातात घेतला आणि सवयीनं विचारलं, "यात गहू आहे का?" म्हाताऱ्या आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "खा गो बाये, तांदूळच आसा." त्या दोन दिवसांत तिनं पातोळ्या खाल्ल्या, हळदीच्या पानाचा वास हाताला राहीपर्यंत. उकडीचे मोदक खाल्ले. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी विचारायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीत मी बघत होते: पान वाढलं गेलं आणि ती न विचारता जेवायला बसली. सूनबाईंना मी त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं नाही. रात्री फोन आला तेव्हा त्यांचा आवाज भरलेला होता; बोलणं मात्र तिच्या खोकल्याच्या औषधाचं.

निघताना माईनं एक तवसं झावळीच्या पातीत बांधून दिलं. पिकलेलं तवसं असं वाशाला टांगून ठेवलं की पुष्कळ दिवस टिकतं, कोकणातल्या जुन्या घरांत आढ्याला ती लोंबताना दिसतात. ते सांभाळत दोन गाड्या बदलल्या. इंदुरात ते बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीला लटकलं आणि आमच्या इमारतीत दोन आठवडे चर्चेचा विषय झालं.

चिमीचा आठवा वाढदिवस नवरात्रात आला. आदल्या रात्री मी रवा काढून ठेवला. सकाळी ओव्हन १८० अंशांवर, पाऊण तास. वर निखाऱ्यांचा रंग काही आला नाही, शेवटची पाच मिनिटं वरची आच वाढवली तेव्हा कुठे कडा तांबूस झाल्या. मधोमध एक भेग गेली, ती मी खोबऱ्यानं झाकली. (इथली साधी काकडी घेतली तर पाणी जास्त सुटतं, रवा अर्धी वाटी वाढवावा. नंतर दोनदा करून बघितलं आहे.)

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "रवा कुठे दळला?"

"घरी. चिमीच्या मिक्सरमध्ये."

"आणि टोप?"

"नवा आणलाय."

त्यांनी डबे ठेवायच्या फळीकडे एकदा नजर टाकली. मग खणातून चिमीची सुरी काढली, पुन्हा एकदा धुतली आणि माझ्या हातात दिली.