डोळ्यापुढील अक्षरें

आमच्या वर्गांत एक मुलगा शेवटच्या बांकावर बसे. प्रश्न विचारला असतां तो भलतेंच उत्तर देई, आणि आम्ही त्यास बेफिकीर समजून रागें भरत असूं. पुढें डॉक्टरांच्या तपासणींत कळलें कीं, त्यास फार कमी ऐकूं येतें. आम्ही मनांत ओशाळलों. बोललेला शब्द त्याच्या डोळ्यापुढें उमटवितां येईल काय, या विचारानें आम्हीं व विज्ञानमंडळांतील मुलांनीं एक यंत्र करावयास घेतलें.

युक्ति जुनीच आहे. चित्र एकदम न दाखवितां एकेक रेघ भराभर दाखवावी, म्हणजे डोळा त्या सांधून घेतो. इ. स. १८८४ मध्यें पॉल निपकोव्ह या जर्मन गृहस्थानें भोकें पाडलेल्या फिरत्या तबकडीची कल्पना मांडली, व १९२६ मध्यें जॉन लोगी बेअर्ड यानें लंडन येथें तशा तबकडीच्या साह्यानें हलतें चित्र दूर पाठवून दाखविलें. पुढें १९८९ मध्यें अमेरिकेंत 'प्रायव्हेट आय' नांवाचें, डोक्यावर बांधून एका डोळ्यापुढें धरावयाचें यंत्र निघालें. त्यांत २८० तांबड्या दिव्यांची एक ओळ व एक हलता आरसा एवढ्यावर सारें चित्र उमटे.

आम्हीं १६ बारीक एलईडी दिवे उभ्या ओळींत जडविले. लहानसा आरसा बिजागरीवर बसवून त्याची मोकळी कड जुन्या ध्वनिक्षेपकाच्या पडद्यास जोडली. तो सेकंदास २५ वेळां हाले. पुढें भिंग लावून सर्व साहित्य सायकलस्वाराच्या टोपावर बांधलें. आम्ही कळफलकावर अक्षरें दाबीत असूं, व त्यांच्या आकाराप्रमाणें दिवे लागत आणि विझत.

पहिल्या दिवशीं प्रत्येक अक्षर दुहेरी दिसलें. कारण आरसा परततांनाही दिवे जळत. परतीच्या वेळीं ते विझविले, तों कडेचीं अक्षरें दाटून आलेलीं दिसलीं. आम्हीं दोन दिवस तारा तपासल्या. अखेर तोच मुलगा म्हणाला, "सर, झोका टोकाशीं मंदावतो. आरसाही मंदावत असेल." त्याचें म्हणणें अगदीं खरें होतें. कडेच्या रेघा अधिक सावकाश पाठवितांच अक्षरें सारखीं झालीं. ज्यास आम्ही मंद समजलों, त्यानेंच आमची चूक दाखविली.

यंत्र मात्र फारसें उपयोगी पडलें नाहीं. टोप जड होई, पाव घटकेंत मान दुखे, आणि आमचीं बोटें जिभेच्या मागें पडत. आज तें प्रयोगशाळेच्या कपाटांत आहे. मुलगा आतां पहिल्या बांकावर बसतो. आम्ही त्याच्याकडे तोंड करून बोलतों, व फळ्यावर लिहितांना बोलत नाहीं. पालकांसही आमची एवढीच विनंति कीं, मूल सांगितलेलें ऐकत नसेल, तर रागें भरण्यापूर्वीं एकदां त्याचे कान तपासून घ्यावे.