पुन्हा मांड

व्हिएन्ना

प्रिय ताई,


पडलेल्या स्वाराला लगेच पुन्हा घोड्यावर चढवावं, नाहीतर भीती कायमची बसते, असं तुझं ठाम मत. तबेल्यांमध्ये हा नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, तेव्हा तो सहज खोडून काढण्यासारखा नाही. पण साडेचारशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या इथल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये स्वारी शिकवतात कशी, हे समजून घेतलं की त्या नियमाकडे जरा संशयानं बघावंसं वाटतं. शाळेचं पांढरंशुभ्र दालन १७३५ साली पुरं झालं. आत येणारा प्रत्येक स्वार सम्राट सहाव्या चार्ल्सच्या तसबिरीला टोपी काढून अभिवादन करतो. लिपिझानर घोड्यांच्या उड्या बघायला जगभरचे लोक तिकीट काढतात. माझ्या मते खरी बघण्याजोगी गोष्ट तिकिटात येतच नाही. नव्या उमेदवाराला इथे आधी लगाम देत नाहीत आणि रिकिबीही देत नाहीत. घोडा लांब दोरावर गोल फिरतो, दोर शिक्षकाच्या हातात, आणि उमेदवारानं नुसतं बसायचं. असे महिनेच्या महिने जातात. हातात लगाम आला की माणूस तोल सावरायला त्यालाच लोंबकळतो, पाय रिकिबीत गेला की तिच्यावर रेलतो. म्हणून आधी कंबर आणि पाठ यांनी घोड्याची लय धरायची, मांड बसवायची. हातांना काम त्यानंतर.

घाबरलेल्या स्वाराचं नेमकं उलट होतं. तो गुडघे आवळतो, पुढे झुकतो, श्वास कोंडतो, लगाम खेचून धरतो. गुडघे आवळले की बैठक खोगिरातून वर उचलली जाते आणि तोल जातो. खेचलेला लगाम घोड्याच्या तोंडात रुततो आणि घोडा मान झटकतो. म्हणजे वाचण्यासाठी तो जे जे करतो त्यानंच पडायची शक्यता वाढते. अशा माणसाला त्याच घोड्यावर त्याच अवस्थेत पुन्हा चढवलं, तर सरावानं पक्कं होईल ते आवळणंच. माथेरानला दोर धरून चालणाऱ्या घोडेवाल्याची आणि दोरामागच्या पर्यटकाची आपण थट्टा करतो. दोर दुसऱ्याच्या हातात असण्यात कमीपणा नाही, एवढं तरी व्हिएन्नाकडून घ्यायला हरकत नसावी.

तुझ्या नियमात तथ्य आहे ते इतकंच, की टाळत राहिलं की भीती वाढते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती घालवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवायचा, आणि मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला गोंजारू लागला. जवळ जाणं भाग होतं, पण किती जवळ हे पोराच्या पचनी पडेल तसं ठरत होतं. तू ‘लगेच’वर भर देतेस, मी ‘किती’वर देईन. आणि पडताना डोक्याला मार बसला असेल, तर लगेच चढवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. तिथे वादच नको.

कोपनहेगन

प्रिय ताई,

हा देश लिस हार्टेलचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती ड्रेसाजची डॅनिश विजेती होती. ड्रेसाज म्हणजे घोड्याला जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांनी चालवण्याचा खेळ. १९४४ साली, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. हात हलवण्यापासून सगळं नव्यानं शिकावं लागलं. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे राहिले. घोड्यावर चढायला आणि उतरायला माणसं लागत. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिनं ज्युबिली या घोडीवर रौप्यपदक मिळवलं. त्याआधी ऑलिंपिकचं ड्रेसाज लष्करी अधिकाऱ्यांपुरतंच राखलेलं होतं. बायकांना आणि साध्या नागरिकांना त्याच वर्षी दार उघडलं. चार वर्षांनी तिनं पुन्हा रौप्यपदक घेतलं.

यावर तू म्हणशील की तिचे पाय गेले होते, धीर गेला नव्हता. मग धीर गेलेल्या माणसाला तिचा दाखला कसा चालेल? आक्षेप रास्त आहे, आणि ती असामान्य होती हेही खरं. पण स्वाराचा विश्वास कशावर उभा असतो ते बघ. टाच लावली की घोडा पुढे जाणार आणि घसरलो तर पोटऱ्या पकड घेणार, या शरीराच्या खात्रीवर तो उभा असतो. हार्टेलची ती खात्री मुळासकट गेली. ती परत आली नाही, येणं शक्यही नव्हतं. तिनं दुसरी खात्री घडवली, पाठीची आणि वजनाची, आणि तीही अशा घोडीवर जिचं तोवर मोठं नाव नव्हतं. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. पडण्याआधीचा बेधडकपणा बराचसा पडण्याची कल्पना नसल्यामुळे असतो. पडल्यावर तो परत मागण्यात अर्थ नाही. त्याची वाट बघत बसलेला माणूस महिनोन्‌महिने तबेल्याच्या बाहेरच उभा राहतो. पडणं ठाऊक असताना टिकेल असा दुसरा विश्वास बांधायचा, तर खालच्या पायरीवर उतरावंच लागतं.

खालच्या पायरीवरच माणूस कायमचा रमला तर? रमतीलही काही जण. कदमचालीवर समाधानी असलेल्या स्वारानं घोड्याचं किंवा आपलं काय बिघडवलं, हे मला कुणी पटवून द्यावं. ज्याला दौडायचं आहे त्यानं मात्र पायरी बदलण्याची खूण आधीच ठरवून ठेवावी: दुडक्या चालीत श्वास सुटा राहू लागला, की पुढे. नाहीतर ‘पुढच्या महिन्यात बघू’ याला अंत नसतो.

स्टॉकहोम

प्रिय ताई,

१९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं, पण परदेशी घोड्यांसाठी ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम इतके कडक होते की घोड्यांच्या स्पर्धा तेवढ्या इथे, स्टॉकहोमच्या विटांच्या जुन्या स्टेडियममध्ये भरल्या. हार्टेलचं दुसरं रौप्यपदक इथलं. मला इथे आणखी एका गोष्टीत रस आहे. २००९ साली स्वीडिश संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांनी घोडा हातानं धरून चालवला, काहींनी त्यावर बसून, एकाच वाटेनं पुन्हापुन्हा. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं, की आता घोड्यासमोर छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्यांना तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं! ठोके वाढले म्हणजे घोडा उधळलाच असं नव्हे. या प्रयोगातून त्याहून जास्त काढू नये. पण ‘घाबरतोस काय, घोड्याला कळतं’ हा आपला उपदेश किती निरुपयोगी आहे, ते यातून दिसतं. कळतं हे खरंच, पण छातीचे ठोके हुकमानं थांबत नाहीत. हुकूम चालतो तो परिस्थितीवर: घोडा कोणता, मैदान केवढं, दोर कुणाच्या हातात, वेळ किती. ग्रीक सेनानी झेनोफोननं सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, की घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारत तिच्याकडे नेऊ नये, कारण मग वस्तूच्या भीतीत माराची भर पडते. घोड्याला मिळालेली ही सवलत स्वाराला द्यायला आपण अजून तयार नाही.

सगळ्यात जड आक्षेप मी शेवटी घेतो. भीती खोटी कुठे आहे? घोडा पाचशे किलोचा, आणि मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. पडलं की हाड मोडतं. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच भीतीशी झुंजण्याची भाषा मला पटत नाही. ती जे धोके दाखवते त्यातले निम्मे तरी कमी करता येतात. हेल्मेट मापाचं हवं, खोगिराचा तंग तपासलेला हवा, कंबरेत ताकद हवी, आणि घोडा पोक्त हवा. एवढं करून उरेल ती भीती जवळ बाळगून बसता येतं. आपल्याकडच्या रायडिंग क्लबांत अडचण होते ती याच शेवटच्या अटीपाशी. शांत, वयस्क घोडे लहान मुलांच्या बॅचला जातात. मोठं माणूस परत शिकायला आलं की त्याच्या वजनाकडे बघून त्याला तरणा घोडा देतात, आणि चार फेऱ्यांत ‘तुम्हाला जमत होतं की पूर्वी’ असं वर ऐकवतात. तू क्लबात चौकशी करशील तेव्हा फी नंतर विचार. आधी विचार, की दोरावर शिकवणारा माणूस आहे का, आणि सगळ्यात म्हातारा घोडा कोणत्या वेळी मोकळा असतो.