बोटहाउसमधले एक पत्र

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, ताफ नदी समुद्राला मिळते तिथे लार्न हे लहान गाव आहे. कवी डिलन टॉमस 1949 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत इथल्या ‘बोटहाउस’ या घरात राहत होता. त्याच्या आश्रयदात्या मार्गारेट टेलर यांनी हे घर त्याच्यासाठी विकत घेतले होते. घरापासून थोड्या अंतरावर, कड्याच्या काठाशी एक लाकडी शेड आहे. मूळची ती मोटारीसाठी बांधलेली. खिडकीतून खाडीचा चिखल, ओहोटीत उघडे पडणारे वाळूचे पट्टे आणि समोरची टेकडी दिसते. दुपारचे तास टॉमस इथेच बसून लिही. कवितांचे खर्डे इथे होत, आणि पत्रांचेही. 

ऑक्टोबर 1951 मध्ये त्याने मार्गेरित काएतानी यांना एक लांब पत्र लिहिले. जन्माने अमेरिकन असलेल्या काएतानी रोमहून ‘बोत्तेगे ओस्कुरे’ हे बहुभाषी वाङ्मयीन नियतकालिक चालवत. टॉमसच्या त्या काळातल्या महत्त्वाच्या कविता त्यांनी छापल्या आणि त्याला पैशाची मदतही केली. पत्रासोबत एका नव्या लेखनाचा पूर्वार्ध होता. पुढे ‘अंडर मिल्क वुड’ या नावाने जगभर पोचलेले श्राव्यनाट्य ते हेच.

पत्राची सुरुवात अडचणींपासून होते. कर्ज, आजारपण, झालेला उशीर. टॉमसच्या पत्रांत हा भाग वारंवार येतो. पैसे मागण्याची किंवा माफीची पत्रेही तो कवितेइतक्याच कष्टाने घडवी. अशा काही पत्रांचे कच्चे खर्डे उरले आहेत. ही त्याची दिखाऊ हौस नव्हती. कागदावर उतरणारे प्रत्येक वाक्य कानाला पटले पाहिजे, हा त्याचा धर्म होता, आणि सावकाराला लिहिताना तो धर्म बाजूला ठेवता येत नव्हता.

त्यानंतर पत्र मुख्य विषयावर येते. अपुऱ्या राहिलेल्या कृतीबद्दल टॉमस एका वाचकाला समजावून सांगू लागतो. स्वतः राहतो त्या गावाचे, अंधारातून आवाजांनी उभे राहणारे चित्र त्याला काढायचे आहे. ते साधे, ऊबदार आणि हसरे असावे. ऐकणाऱ्याला आपण त्या गावचेच आहोत असे वाटले पाहिजे. मग तो पुढचा क्रम मांडतो: सकाळची लगबग, लांबलेली आळसावलेली दुपार, जेवणखाण, प्रेम आणि भांडणे यांनी गजबजलेली संध्याकाळ, आणि पुन्हा रात्र. दोन आवाज प्रमुख असतील, हेही तो ठरवतो. एक पद्यातच बोलणारा धर्मोपदेशक, दुसरा गाव दाखवत जाणारा निनावी ‘पहिला आवाज’.

या मांडणीचे महत्त्व कळण्यासाठी आधीचा आराखडा माहीत हवा. त्यात सरकार गावाला वेडे ठरवते आणि त्यावरून खटला चालतो, असे कथानक होते. ते काही केल्या जमेना, म्हणून टॉमसने ते सोडले. कथानक गेल्यावर नाटकाला आधार कशाचा, हा प्रश्न उरला. पत्रातले उत्तर स्वच्छ आहे: आधार एका दिवसाचा. काळ सरकतो, तसे गाव उलगडते. अर्धी कृती कागदावर यायची होती, पण तिचा घाट या पत्रात पूर्ण झाला होता.

पत्रात नाटकातल्या एका जोडप्याचाही उल्लेख आहे. मिस्टर एडवर्ड्स आणि मिस प्राइस रोज एकमेकांना उत्कट प्रेमपत्रे लिहितात, पण भेटत मात्र नाहीत. पूर्ण झालेल्या नाटकात ही पत्रे पोस्टमन विली निली पोचवतो, आणि त्याची बायको ती वाफेवर उघडून वाचते. पत्रात माणूस स्वतःचा सर्वांत निवडक भाग दुसऱ्याच्या हाती देतो, हे टॉमसला अनुभवाने ठाऊक होते. म्हणून या दोघांचे प्रेम त्याने थट्टेचा विषय होऊ दिले नाही.

पूर्वार्ध 1952 मध्ये ‘बोत्तेगे ओस्कुरे’त छापून आला. उत्तरार्ध पुष्कळसा घाईत लिहिला गेला. 14 मे 1953 रोजी न्यूयॉर्कमध्ये नाटकाचे सामूहिक वाचन झाले, तेव्हा टॉमस स्वतः त्यात होता. 9 नोव्हेंबरला त्याच शहरात तो वारला. वय 39. 25 जानेवारी 1954 रोजी बीबीसीने नाटक प्रसारित केले, तेव्हा ‘पहिला आवाज’ अभिनेता रिचर्ड बर्टनचा होता. रात्रीपासून रात्रीपर्यंतचा जो क्रम लोकांनी त्या दिवशी ऐकला, तो मुळात पत्रात आखलेला होता.

पॉल फेरिस यांनी टॉमसची समग्र पत्रे 1985 मध्ये संपादित केली. त्यामुळे हे पत्र आज कोणालाही वाचता येते. कवीच्या चरित्राची सामग्री म्हणून ते वाचले जाते, पण त्याची खरी जागा नाटकाच्या खर्ड्यांत आहे. वहीत लिहिलेल्या टिपणात लेखक स्वतःला फसवू शकतो, अवघड जागा ओलांडून पुढे जाऊ शकतो. समोर एक नेमका वाचक असला, की तिथे थांबून सांगावेच लागते. जे लेखन मध्येच अडले आहे, त्याविषयी विश्वासाच्या एका माणसाला सविस्तर पत्र लिहावे. टॉमसच्या बाबतीत या उपायाने एक नाटक वाचवले.